तात्पुरतं बंद

फरीदाबादच्या आमच्या नव्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्या बाई रोज संध्याकाळी माझ्याकडे चहाला यायच्या. माझे यजमान ऑफिसातून उशिरा परतत. बाई प्रयोगशाळेत रोगप्रतिकारक पेशी कशा घडतात ते शोधत होत्या. पेशीतलं कायनेज नावाचं एक एन्झाइम त्यांनी किंचित बदललं होतं, त्यामुळे एक ठरावीक औषध फक्त त्यालाच बंद पाडायचं. औषध धुऊन काढलं की एन्झाइम पुन्हा चालू.

"मुळातून काढूनच का नाही टाकत?" मी विचारलं.

"पेशी दुसरी सोय करून घेते हो. मग काहीच कळत नाही. अचानक बंद करायचं आणि काय अडतं ते बघायचं."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये माळ्याला काढायचा विषय निघाला, तेव्हाही त्या म्हणाल्या, "निकालो मत. छुट्टी देके देखो." आठवड्यात बाग सुकली आणि माळ्याला परत बोलावलं.

पुढे एकदा त्या आठवडाभर आल्याच नाहीत. घरात दिवा दिसायचा. रागाने मीही विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी बेल वाजली.

"काय अडलं?" दारातूनच त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

त्या सरळ आत गेल्या आणि गॅसवरच्या पातेल्यात डोकावल्या.

"मग चहा दोघींचा कसा टाकलात?"