मावशीची बादली

माझ्या मावशीला सगळे 'बादली' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. खाद्याची वेळ झाली की ती पत्र्याच्या बादलीवर पळीने तीनदा ठोकायची आणि शेडमधली झाडून सगळी डुकरं ढुशा देत कुंपणाशी हजर व्हायची. "घरात माझं एवढं कोणी ऐकेल तर शपथ," असं म्हणून काकांकडे बघत ती स्वतःच खदखदून हसायची.

कालव्याच्या दुसऱ्या बाजूला आमची शेड. आई मावशीची थोरली बहीण. आमच्या डुकरिणी मावशीकडूनच आणलेल्या, म्हणजे तिच्याच ठोक्यावर वाढलेल्या. आईने आपली बादली कितीही बडवली तरी त्या रमतगमत यायच्या. "ताई, तुझा हात जड आहे," मावशी चिडवायची.

मग साथ आली. मावशीच्या मागे राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या शेडमध्ये डुकरं खाणं सोडून कोपऱ्यात पडू लागली, कान जांभळे होऊन मरू लागली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. याच्यावर औषध नाही, लस नाही, त्यांनी सरळच सांगितलं. माणसाला काही होत नाही, पण बूट, भांडी, खाद्य, कशाबरोबरही हा रोग पुढच्या शेडमध्ये जातो. म्हणून मावशीच्या बाजूची सगळी डुकरं मारून पुरायची आणि तिकडची काडीसुद्धा कालवा ओलांडून न्यायची नाही. तसं झालं तर आमची वाचतील.

"माझी तर ठणठणीत आहेत," मावशी म्हणाली.

"आज आहेत, काकू."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. ज्याचं ओलं जळतंय त्याला ही म्हण कोणी ऐकवू नये.

तिची डुकरं मारली त्या दिवशी मावशी घरात बसून राहिली. पांढरे झगे घातलेली माणसं फळ्या घेऊन डुकरांमागे धावत होती आणि किंकाळ्या आमच्यापर्यंत ऐकू येत होत्या. "बादली वाजवली असती तर निमूट आली असती," नंतर ती फोनवर म्हणाली. "पण नाही वाजवली मी."

एक मात्र तिने सांगितलं नव्हतं. ठेंगणी नावाची गाभण डुकरीण, बाटलीने दूध पाजून वाढवलेली, तिने न्हाणीघरात लपवली होती. काका बिचारे अंगणातल्या नळाखाली अंघोळ करत आणि ब्र काढत नसत. मावशीची खाद्याची भांडीही डुकरांबरोबर खड्ड्यात पुरायची होती, तेव्हा बादलीही तिने वाचवली. उकळत्या पाण्याने विसळून आमच्या फाटकाशी ठेवून गेली. पत्रा काय आजारी पडतो, असा तिचा हिशेब. त्याच बादलीतून त्या सकाळी ठेंगणी जेवली होती.

आईने ती वाजवली आणि आमच्या डुकरिणी धावत आल्या. इतक्या दिवसांत आई पहिल्यांदा हसली.

काही दिवसांनी मावशी कालव्याच्या काठावर येऊन ओरडली, "ताई, ती बादली वापरू नकोस!" "ठेंगणी उठत नाही. कान बघवत नाहीत गं तिचे."

आई अगदी काठापाशी गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्या खाताहेत अजून. तू तुझी पुरून टाक. कोणाला कळतंय?"

"आणि तुझा नर? तो दहा शेडमध्ये जातो डुकरिणींना लावायला."

"मी नाही पाठवणार त्याला."

"मीही लपवणार नाही असंच म्हणाले होते," मावशी म्हणाली आणि तिथूनच तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

मला तिचा भयंकर राग आला. आधी लपवलंस कशाला, आणि लपवलंसच तर आता बोललीस कशाला? आमच्या शेडमध्ये एकही कान जांभळा नव्हता. तरी बादली आत आली होती, एवढं पुरे होतं. डॉक्टरीणबाईंनी आमचीही सगळी मारायला सांगितली.

पांढरे झगेवाले आले. आईने स्वतःला घरात कोंडून घेतलं. माणसं फळ्या उचलू लागली तशी मावशी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "पळवू नका त्यांना. मी बोलावते." त्यांनी तिला झगा दिला, बूट दिले.

तिने तीनदा ठोकलं.

आमच्या डुकरिणी ढुशा देत आल्या. पिल्लंवाली आली, मागे पिल्लं आली. लंगडी शेवटी आली, तोवर मावशी वाजवत राहिली. मग बादली तिने स्वतःच्या हाताने खड्ड्यात टाकली आणि वरून चुना पडताना बघत उभी राहिली.

सगळे गेल्यावर ती आमच्या पायरीशी आली, पण वर चढेना. मी तिला 'ये' म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आईचे डोळे सुजले होते. आता शेडमध्ये जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती म्हणाली, "बूट बाहेर काढ. हात धू. मग आत ये."