चुलीची राख

आलापल्लीला आमच्या कुंपणापलीकडं एक बाई राहायच्या. त्यांच्या अंगणात गांजाचं एकच झाड होतं, तेही उघड्यावर. बैलाचं पोट बिघडलं की बाई त्याचा पाला पिठाच्या गोळ्यात घालून चारायच्या.

चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, पचकन थुंकायची आणि "आंबली" म्हणत चुलीतली राख मुळाशी टाकायची, ही त्यांची सवय. पाण्याला मात्र हात आखडता. पानं मलूल दिसली म्हणून मी एकदा तांब्या उचलला, तर डाफरल्या, "मागू द्या न त्याले, भाऊ! काऊन लाडावून राह्यले?"

मग गांजाबंदीचा नवा कायदा आला आणि एक पोलीस शिपाई झाड उपटायला आला. माती वाळून दगड झालेली. तो झटके देऊन घामाघूम झाला, पण झाड हलेना. बाईंनी घागर आणून मुळाशी ओतली.

"आता ओढा. तोडू नका, अख्खं न्या."

मान खाली घालून त्यानं झाड सायकलला बांधलं. तो वळणाआड जायच्या आत बाई खड्ड्यापाशी बसल्या. माती चाखली, थुंकल्या, राख टाकली आणि ओच्यातलं बी काढलं.

"बाई, तो परत येईल," मी म्हणालो. मी सरकारी कारकून.

"येऊ द्या न. त्याले उपटाले हुकूम लागते. मले लावाले नाई लागत."

खड्डा मोठा होता, राख पुरेना. मी घरात गेलो आणि आमच्या चुलीची राख घेऊन आलो.