शिटी वाजली होती

त्या वेळी मी खडीच्या क्रशरवर होतो. साताऱ्याकडून कामासाठी आलेला, सालवडला चौघांत मिळून एक खोली घेतलेली. तारापूरला वीजघराचं काम सुरू झालं होतं, बोईसरच्या आसपास नवे रस्ते होत होते आणि खडीला मोठी मागणी होती. आमचा ठेकेदार मुंबईला असायचा. इथं सगळा कारभार मॅनेजरच्या हातात.

खाणीत सुरुंग उडवायचे ते दुपारच्या सुट्टीत. सुरुंगवाला आधी शिटी मारायचा, माणसं आडोशाला जायची, मग बार. त्या दिवशी मात्र खडीची घाई होती म्हणून सकाळीच, काम चालू असताना बार उडवला. दगडाची एक कपची उडून मासवणकडून आलेल्या एका बाईच्या खांद्यात घुसली. ती पाटी घेऊन माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तिला पडताना पाहिलं आणि मी क्रशर बंद केला. माझ्यामागं सगळ्यांनी हात थांबवले. मॅनेजर धावत आला आणि पहिला प्रश्न त्यानं मला विचारला, "मशीन कुणाला विचारून बंद केलं?" मी म्हणालो, "कुणालाच नाही." त्यानं मला तिथल्या तिथं काढून टाकलं. बाईला ट्रकमधून पालघरला दवाखान्यात नेलं आणि खाणीवर संप सुरू झाला.

मागण्या दोनच होत्या. मला परत घ्या आणि शिटी न मारणाऱ्या सुरुंगवाल्याला काढा. सुरुंगवाला म्हणत होता, मी शिटी मारली. त्याच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. त्याच्याबरोबर बिडी ओढणारी माणसंही तो आला की उठून जायची. तोंडानं काही बोललो नाही तरी मीही त्यातलाच होतो.

मग ठाण्याहून मालक-कामगारांचे तंटे मिटवणारे सरकारी समेट अधिकारी आले. बुटके, किंचित पोट सुटलेले, खांद्याला कापडी पिशवी. ते संप मोडायला आलेत असंच आम्हाला वाटलं. ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत सगळ्यांना बसवून ते आधीच म्हणाले, "हुकूम देण्याचा अधिकार मला नाही. तुम्हाला एका जागी बसवायचं, एवढंच माझं काम. तेव्हा माझ्याकडे बघून बोलू नका. एकमेकांकडे बघून बोला."

बाईचा नवरा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "शिटी आमी आयकली नाय, साहेब. आयकली असती त बायको पाटी टाकून पळाली असती."

"देवाशप्पत मारली," सुरुंगवाला म्हणाला.

"खोटं बोलतोस!" आमच्यातलं कुणीतरी ओरडलं आणि खोलीत एकच गलका झाला. अधिकाऱ्यांनी कुणाला गप्प केलं नाही. आवाज आपोआप बसेपर्यंत थांबले आणि मॅनेजरला म्हणाले, "जागा बघू या. जीप आहे ना?"

जीप मॅनेजरची. तो पुढं बसला. अधिकारी मागं बसले आणि आम्हा तिघांना हाक मारली, "या की. दाटीवाटीनं मावू." बाईचा नवरा, सुरुंगवाला आणि मी, गुडघ्याला गुडघा लावून बसलो. इतके दिवस एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं खड्ड्यागणिक एकमेकांवर आदळत होती.

खाणीवर अधिकारी मला म्हणाले, "क्रशर चालवा."

"हा कामावर नाही," मॅनेजर म्हणाला.

"आज माझ्यासाठी चालवू द्या."

मी मशीन सुरू केलं. सुरुंगवाल्याला त्यांनी त्या दिवशीच्या जागी पाठवलं आणि आम्हाला घेऊन ती बाई होती तिथं उभे राहिले. क्रशरमध्ये दगड पडत होते, पायाखालची जमीन थरथरत होती. पलीकडे सुरुंगवाला उभा होता. त्याचे गाल फुगलेले दिसत होते. तो जीव तोडून शिटी मारत होता. आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मॅनेजरनं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "वाजवतोय ना तो?"

मी धावत जाऊन क्रशर बंद केला. दगडांचा आवाज विरला आणि शिटी ऐकू आली. एकदम स्पष्ट. तो अजून वाजवतच होता.

एरवी सुट्टीत क्रशर बंद असायचा, म्हणून हे कधी कळलंच नव्हतं. आणि रागाच्या भरात कुणी तसा विचारही केला नव्हता. अधिकाऱ्यांनी हात करून त्याला बोलावलं. बाईचा नवरा पुढं झाला. म्हणाला, "तू खरा हायेस." सुरुंगवाला दगडावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

क्रशर थांबवल्याशिवाय यापुढं सुरुंग नाही, हे मॅनेजरनं लगेच कबूल केलं. माझ्या बाबतीत मात्र तो अडला. शिस्त म्हणून काही आहे की नाही, म्हणाला. अधिकारी शांतपणे म्हणाले, "साहेब, हे मशीन आता तुम्ही स्वतःच बंद करायला सांगणार आहात. यानं ते थोडं आधी केलं, इतकंच." मग मला बाजूला घेऊन गेले. "त्यांनाही मागं सरकायला थोडी जागा द्या. विचारायला हवं होतं, एवढं म्हणाल?"

मला ते कडू लागलं. तरी म्हणालो. मॅनेजरनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर होतो. बाईच्या औषधपाण्याचा भार ठेकेदारानं उचलला. तिचा खांदा पहिल्यासारखा झाला नाही. पुढं ती बसून खडी फोडायची.

समेट झाला त्याच संध्याकाळी मी अधिकाऱ्यांना बोईसर स्टेशनवर सोडायला गेलो. आमच्या लोकांनी दिलेले चार नारळ माझ्याकडे होते. त्यांनी ते घेतले नाहीत. "तुम्ही नसता तर..." असं मी काहीतरी सुरू केलं. त्यांनी मला थांबवलं.

"आज जमलं. काल पालघरला एका भातगिरणीत नाही जमलं. दोन्हीकडची माणसं उठून गेली. उद्या परत तिथं जायचंय."

"पण ती आली नाहीत तर?"

"तर परवा जाईन."

एवढ्या हुशार माणसालाही हात हलवत परत यावं लागतं आणि तो पुन्हा त्याच दारात जातो, हे ऐकून मला त्यांच्याबद्दल दुपारपेक्षा जास्त आदर वाटला. पुढं मी कारखान्यात गेलो, कामगारांच्या बाजूनं अशा कितीतरी बैठकांत बसलो. समोरचा माणूस खोटंच बोलतोय असं वाटायला लागलं की मी आधी तो कुठं उभा होता ते जाऊन बघायचो. दर वेळी उपयोग झालाच असं नाही.

गाडी आली. ते खिडकीशी बसले, पिशवीतून डबा काढला आणि गाडी हलायच्या आतच जेवायला लागले. सकाळपासून त्यांनी काहीच खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.