स्टिअरिंगच्या शोधात मुलुंड ते बोरीवली

सकाळी साडेनऊला मुलुंडच्या आमच्या सोसायटीतून निघाले तेव्हा माझ्याजवळ एक मोठी रिकामी बॅग, एक यादी आणि बाबा होते. बॅग आणि यादी यायला तयार होत्या. बाबांचं तसं नव्हतं.

"माका नको," (मला नको) असं ते आठवडाभर म्हणत होते. आम्ही मूळचे मालवणकडचे. बाबा जगाशी मुंबईची मराठी बोलतात आणि घरात मालवणी, त्यातही नकार हमखास मालवणीत.

बाबांनी चौतीस वर्षं ट्रक चालवला, शेवटची काही वर्षं कंटेनरचा लांबलचक ट्रेलर. गेल्या वर्षी काचबिंदूने त्यांच्या उजव्या बाजूची नजर नेली. समोरचं अजून स्वच्छ दिसतं, पण उजवीकडून कोण येतंय ते कळत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. बाबांनी वाद घातला नाही. लायसन्स देवघराच्या खणात ठेवलं आणि तेव्हापासून ते जवळजवळ गप्पच झाले.

कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा एक खेळ असतो, खऱ्यासारखे रस्ते, खऱ्यासारखे गिअर, हे मला ऑफिसात कळलं. त्याला दणकट कॉम्प्युटर लागतो, आणि तो सुटे भाग निवडून जोडून घ्यावा असं सगळे म्हणाले. मी पॉवर सप्लाय मंगळवारीच घेऊन ठेवला होता. तो बॅगेच्या तळाशी होता. बाकी सगळं आज घ्यायचं, कारण रविवारी दुकानं बंद. बाबांना घरी ठेवून मी एकटी गेले असते तर काम निम्म्या वेळात झालं असतं. पण ज्याला गाडी चालवायची त्याने ती बघून घ्यायला हवी, असं मला वाटलं.

घाटकोपरपर्यंत रिक्षा केली. पूर्वी बाबा मागे बसले की रिक्षावाल्याची खैर नसायची. "ब्रेकवर पाय ठेवून नाचू नको," "आरसा शोभेला लावलास काय?" असं वाटभर. एकाने तर रिक्षा थांबवून "काका, या पुढे, तुम्हीच चालवा" म्हणून हात जोडले होते. आज आमच्या रिक्षावाल्याने डावीकडून घुसून एका बसला आडवी मारली, खड्ड्यात चाक घातलं, मोबाइलवर भावाशी भांडला. बाबा बाहेर दुकानांच्या पाट्या बघत राहिले. मला त्यांच्या ओरडण्याची लाज वाटायची. आता या गप्प बसण्याची भीती वाटत होती.

घाटकोपरचं दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर खोके, त्यामुळे एका वेळी एकच माणूस चढणार. मालक मनसुखभाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेले, साठीच्या आसपासचे.

"ऑफिससाठी की गेमिंग, बेन?"

"गेमिंग."

"मुलगा केवढा आहे?"

मी बाबांकडे बोट केलं. "सदुसष्ट."

मनसुखभाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, बाबांना नीट बघितलं आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा, काका. काय खेळणार?"

"हिला विचारा," बाबा म्हणाले.

मी ट्रकचं सांगितलं. मग त्या माणसाने माझ्याशी बोलणंच सोडून दिलं. एकेक खोकं उघडून त्याने भाग बाबांच्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली. हा प्रोसेसर, सगळा हिशेब हाच करतो. ही रॅम, हिची जोडीच घ्यायची, एकटी घेऊ नये. हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे तुमचं इंजिन, रस्ता, झाडं, पाऊस सगळं हेच ओढणार. बाबांनी कार्ड दोन्ही हातांनी तोललं. रंगीत दिवे लागणारी रॅम बघून मात्र त्यांनी तोंड उघडलं.

"दिवे नकोत. दिव्यांनी गाडी पळत नाही."

"बरोबर!" मनसुखभाई एवढ्या जोरात म्हणाले की शेजारच्या दुकानातून कोणीतरी डोकावलं. "हे मी पोरांना रोज सांगतो, कोण ऐकतो?"

मनसुखभाईंची एक पद्धत होती. जोडून, चालवून दाखवल्याशिवाय माल दुकानाबाहेर सोडायचा नाही. त्यांनी मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती हिरवी पाटी, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, त्यावर प्रोसेसर बसवला, रॅम टक् टक् दाबली, कार्ड खोचलं, मी आणलेला पॉवर सप्लाय जोडला. पंखा फिरला, दुकानातल्या जुन्या स्क्रीनवर अक्षरं आली. बाबा खुर्चीतून पुढे वाकून बघत होते. मला हायसं वाटलं.

"आता याला घर द्या," म्हणत मनसुखभाईंनी यादीतलं शेवटचं खोकं काढलं. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवतात ती पेटी. काळी, एका बाजूला काच असलेली, मला फार आवडली होती. बाबांनी तिच्यावर बोटाच्या पेराने ठकठक केली.

"ह्यां लोखंड आसा. आज शनवार."

बाबांनी शनिवारी घरात कधी लोखंड आणलं नाही. ट्रकला साधा नटसुद्धा ते शनिवारी विकत घेत नसत. हे मला लहानपणापासून ठाऊक, आणि तरी मी शनिवार निवडून बसले होते.

"बाबा, हा कॉम्प्युटर आहे, तवा नाही!"

"काका बरोबर बोलतात," मनसुखभाई शांतपणे म्हणाले. "मी पण शनिवारी घरी लोखंड नेत नाही."

"पण विकता तर सगळं!"

"विकतो ना. घेणाऱ्याने विचार करायचा."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. महिनोन् महिने बाबा हसले नव्हते, आणि हसले ते माझ्यावर. पेटी राहिली. बाकी सगळं बॅगेत भरून, खाली गाडीवर एकेक दाबेली खाऊन आम्ही मेट्रो पकडली. माझा राग दाबेलीतल्या शेंगदाण्यांबरोबर थोडा खाली गेला.

अंधेरीला स्क्रीन घ्यायचा होता. विक्रेती मुलगी चटपटीत. तिने आम्हाला थेट वाकलेल्या, भिंतभर रुंद स्क्रीनपाशी नेलं. "काकांना एकदम ट्रकमध्ये बसल्यासारखं वाटेल, झकास!"

बाबा समोर उभे राहिले. मी माझा तळहात स्क्रीनच्या मधोमध धरून हळूहळू उजवीकडे नेऊ लागले. "दिसतो?"

"दिसता."

"आता?"

"दिसता."

हात कडेपासून वीतभर अलीकडे असताना ते गप्प झाले. मी हात हलवला, बोटं नाचवली. ते समोर बघत उभे. आजारपणाचे सगळे कागद मी वाचले होते, पण बाबांचं जग नेमकं कुठे संपतं ते मला त्या दुकानात पहिल्यांदा दिसलं. आम्ही सपाट, मध्यम आकाराचा स्क्रीन घेतला. हात त्याच्या कडेला पोचेपर्यंत बाबा "दिसता" म्हणत होते.

मग एक फजिती. पुढच्या मेट्रोच्या स्टेशनवर स्क्रीनचं खोकं तपासणीच्या मशीनमध्ये जाईना. उभं घालून बघितलं, तिरकं घालून बघितलं, मागे रांग वाढली. शेवटी सुरक्षेच्या बाईंनी खोकं उघडायला लावलं, बॅगही उघडायला लावली. आतली हिरवी पाटी, तारा आणि पंखा बघून त्या माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"काय आहे हे?"

"ट्रक," बाबा म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि आम्हाला सोडलं.

ही मेट्रो हायवेच्या डोक्यावरून बोरीवलीकडे जाते. बाबांना डाव्या खिडकीपाशी जागा मिळाली. खाली गाड्यांची रांग, मध्येच एखादा कंटेनर. पुढे उजव्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर लागले, ते मी दाखवायला गेले तर त्यांना खालून नजर काढवेना.

"इतकी वर्षां ह्याच रस्त्यान गेलंय," ते म्हणाले. "वरसून कधी बघूक नव्हतंय." (वरून कधी बघितला नव्हता.)

बोरीवलीत एडविनकडे जायचं होतं. तो गोराईच्या जुन्या गावातला, आता स्टेशनच्या पूर्वेला राहणारा. वापरलेलं स्टिअरिंग आणि पेडल्स विकायची आहेत अशी त्याची जाहिरात मी बघितली होती. दार उघडलं त्याच्या बायकोने, नॅन्सीने. "घेऊन जा गं एकदाचं! माझ्या जेवणाच्या टेबलावर दोन वर्षं हा ट्रक उभा आहे." तिने आमच्यापुढे फुगे ठेवले (नारळाच्या दुधात पीठ भिजवून तळलेले गोल, हलके पाव). बाबांनी चार खाल्ले, पण स्टिअरिंगकडे बघितलं नाही.

"काका, बसा ना, चालवून बघा."

"खेळण्यातलां स्टेरिंग धरूक मी काय पोर आसंय?" हे मला, हळू आवाजात. मला रडू येईल असं वाटलं. दिवसभर मी ज्याला भीत होते ते हेच होतं, की या सगळ्या खटाटोपात बाबांना फक्त त्यांचं गेलेलं दिसेल.

एडविन बिचारा स्वतःच बसला दाखवायला. स्क्रीनवरचा ट्रेलर घेऊन गावातल्या वळणावर आला आणि सरळ आतून वळला. मागची चाकं फुटपाथवर चढली. बाबांचा फुगा धरलेला हात हवेत थांबला. पुढच्या वळणावर एडविनने तेच केलं, दिव्याचा खांब आडवा झाला.

"अरे अरे अरे! आत कापतोय ट्रेलर! बाहेरून घे ना, बाहेरून! मागे काय आहे ते विसरतोस कसा?"

नॅन्सी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिसऱ्या वळणाला बाबा उभे राहिले, आणि एडविन हसत खुर्चीतून उठला. "मग तुम्हीच दाखवा."

बाबांनी तळहाताने स्टिअरिंग पुसलं, हात कपाळाला लावला आणि बसले. पायाने क्लच शोधला. ट्रेलर निघाला, वळणाच्या बाहेरून गेला, मागची चाकं फुटपाथपासून हातभर अंतराने अलगद फिरली. "वाट बघ, वाट बघ, आता सोड," ते स्वतःशीच पुटपुटत होते. पुढच्या चौकात ते डाव्या आरशात बघत होते, आणि उजवीकडून एक लाल गाडी आली. मला दिसली. त्यांना दिसली नाही. धडक बसली.

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"म्हणूनच बंद केलंय मी," ते म्हणाले.

मग एडविन त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसला. "काका, कोणाला लागलं नाही. इथे कोणालाच लागत नाही."

स्क्रीनवर लाल गाडी थोडी मागे गेली आणि आपल्या वाटेने निघून गेली. बाबा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मला वाटलं, आता उठतील आणि चप्पल घालतील. ते उठले, पण गेले फ्रिजपाशी. फ्रिजच्या दारावर नॅन्सीने लोहचुंबकाचा एक मासा चिकटवला होता.

"हा जरा घेऊ?"

मासा घेऊन ते टेबलाखाली वाकले आणि एकेका पेडलला लावून बघू लागले. मासा तिन्ही पेडल्सवरून घसरून पडला.

"अॅल्युमिनियम," बाबा म्हणाले. "चालात."

नको असतं तर माणूस शनिवारचं लोखंड तपासायला चुंबक कशाला मागेल? मला इतका आनंद झाला की खोडी काढल्याशिवाय राहवेना. "आणि आतले स्क्रू?"

"आतलां माका दिसणा नाय."

परतीला सामानामुळे टॅक्सी केली. पवईच्या चढावर टॅक्सीवाल्याने गिअर चुकीचा टाकला आणि मागून आवाज आला, "इंजिन रडतंय ते ऐकू येत नाही का रे? दुसरा टाक, दुसरा!" टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे त्रासून बघितलं. मी त्याला सोडवायला मुळीच गेले नाही. मुलुंड येईपर्यंत बाबांनी त्याला तीनदा गाडी डावीकडे घ्यायला लावली आणि दोनदा हॉर्नवरून झापलं.

रविवारी सकाळी आंघोळ करून बाबांनी कॉम्प्युटर मांडला. पेटी नव्हतीच, म्हणून पाटावर. उघडा मदरबोर्ड, फिरणारा पंखा, दिसणाऱ्या तारा. बॉनेट उघडल्यासारखं ते सारखं आत डोकावत होते. मनसुखभाईंकडची ती काचेची पेटी आम्ही पुढेही आणली नाही.

लहानपणी मी बाबांबरोबर ट्रकमधून जायचा फार हट्ट करायचे. "तुका नाय जमाचां" म्हणत त्यांनी कधी नेलं नाही. गोवा, मंगळूर, हुबळी ही सगळी नावं मी फक्त त्यांच्या तोंडून ऐकली. घाटकोपर, अंधेरी, बोरीवली हा आम्हा दोघांचा पहिला लांबचा प्रवास, असं मी मनाशी म्हणत चहा घेऊन आले, तर बाबांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून आपल्या खुर्चीच्या उजव्या हाताला ठेवलं होतं.

"बस हयसर," (इथे) ते म्हणाले. "उजवीकडचां माका दिसणा नाय. तां तू सांग."

मी कप खाली ठेवला आणि बसले. बाबांनी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला.

"बघ, कोण येता?"

मी उजवीकडे नीट बघितलं. "कोण नाही बाबा. चला."