चन्नम्माआज्जींचा उपास

उपासाच्या बाबतीत बायडाबाईला शिकवायची कुणाची छाती नव्हती. आजऱ्याकडची शेतकऱ्याची लेक. आठवड्यातले दोन वार ठरलेलेच. राजारामपुरीतल्या वृद्धाश्रमात ती आयाबाई होती. २००१ साली तिथल्या चन्नम्माआज्जींनी सोमवारी ताट परत धाडलं, तेव्हा तिनं शहाणपणा केला आणि उपास असेल म्हणून दुसऱ्या दिवशी घरून शाबूची खिचडी आणली. आज्जींनी तीही सरकवली.

"नाटकं आहेत. डोकं फिरलंय म्हातारीचं," व्यवस्थापक शालूबाई म्हणाल्या. गुरुवारी इचलकरंजीहून मुलगा येणार होता. त्याला हेच सांगून आज्जींना वेड्यांच्या दवाखान्यात पाठवायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

बुधवारी आंघोळ घालताना बायडाबाईनं आज्जींचं अंग निरखलं. वळ नाही, ओरखडा नाही. पण त्यांचा हात सारखा छातीकडे जायचा आणि रिकामाच खाली यायचा. गळ्यातलं लिंग जागेवर नव्हतं! आज्जी लिंगायत; गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय ही बाई घास घ्यायची नाही, हे बायडाबाईला आत्ता उमगलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आज्जी, कुणी काढलं वो?"

बाहेर शालूबाईंच्या चपला वाजल्या तशा आज्जींनी तिचा हात घट्ट धरला. चपला लांब गेल्यावर हळूच म्हणाल्या, "पोराला फोन लाव म्हटलं, म्हणून काढून घेतलं गं, कपाटात कोंडलं. बोललीस तर गटारात टाकीन म्हणाली."

बायडाबाईचं टाळकंच सरकलं. अंगाला बोट न लावता माणूस मारायची ही तऱ्हा!

गुरुवारी मुलगा सोमशेखर आला. सभागृहात सगळ्यांसमोर शालूबाई साखर पेरत बोलू लागल्या. नोकरी गेली तर गेली, म्हणत बायडाबाई मधे उभी राहिली.

"पावणं, तुमची आई येडी न्हाय. तिचं लिंग ह्या बाईच्या कपाटात हाय. उघडायला लावा की!"

"पायरीनं राहा," शालूबाई कडाडल्या. सोमशेखरनं नुसता किल्लीसाठी हात पुढं केला.

लिंगाची चांदीची डबी, करडगी, कपाटात निघाली. शेजारी आश्रमातल्याच रुद्राप्पांचा चष्मा आणि बनाबाईंच्या नातीचा फोटोही.

"माझी बया!" बनाबाई किंचाळल्या, आणि सगळं सभागृहच बोलू लागलं. कुणाला काय धमकी, कुणाला किती दिवस अबोला! सोमशेखरनं संस्थेच्या चालकांना बोलावून घेतलं. ते आले, सगळं ऐकलं आणि शालूबाईंना तिथल्या तिथं घरी जायला सांगितलं. किल्ल्या बायडाबाईच्या हातात दिल्या. तिला रडू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही.

आज्जींनी डाव्या तळहातावर लिंग घेऊन शांतपणे पूजा केली. मग दीड भाकरी खाल्ली, हात धुतला आणि पिशवी घेऊन निघालेल्या शालूबाईंना दारात गाठलं.

"आता सांग की माझ्या पोराला," त्या म्हणाल्या, "मी येडी हाय म्हणून."