लंब्या बाईची ओळ

"मी नाई भेली!"

हे कानावर पडलं की समजायचं, बाई मरणाची भ्यालेली आहे. एक हात छातीवर, दुसरा हात कुणाचा तरी खांदा शोधतोय, डोळे बशीएवढे, आणि तोंडात आमच्या पोरांनी शिकवलेलं हे वाक्य. आल्या दिवशीच तिनं ते पाठ केलं. "पाणी द्या" आणि "पुरे आता" तिला फार नंतर यायला लागलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दात कडकड वाजताहेत आणि विचारतात, थंडी कुठं आहे? आमची लंबी बाई या लोकांची महाराणी होती.

बोरगावच्या शिवारात रस्त्याच्या कडेला आमचं बालगृह आहे. मी तिथला स्वयंपाकी, ड्रायव्हर, नळ दुरुस्त करणारा, आणि मोठ्या ताई बाहेरगावी गेल्या की कलेक्टर. लेकरांची सेवा करायला परदेशातून एक बाई येणार, असं ताईंनी सांगितलं तेव्हा मी गाडी धुऊन पांढुर्णा स्टेशनवर गेलो. गाडी आली, गेली, बाई नाही. दिल्लीकडून येताना पांढुर्ण्याच्या आधी तिगाव लागतं. आपलं स्टेशन सुटेल या धास्तीनं ती तिगावलाच उतरली होती. मी पोचलो तर फलाटावर पेटीवर बसलेली, भोवती बकऱ्या, एक बकरी तिच्या टोपीचा काठ चावून राहिली, आणि बाई तिच्याशी तिच्या भाषेत अतिशय अदबीनं बोलत होती. उभी राहिली तेव्हा मी मान वर केली, आणखी वर केली, मग माझीच टोपी पडली.

तिच्या देशाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. तिकडे सहा महिने बर्फ असतो आणि रस्त्यावर अस्वलं फिरतात म्हणे. अस्वलांतून आलेली बाई, पण इथं येऊन पालीला भ्यायची. आमच्या दारांच्या चौकटी आमच्या मापाच्या. तिचं कपाळ रोज आपटायचं. इतक्या जोरानं, की मी म्हणतो, पार सौसरच्या लोकांना शाळा सुटल्याची घंटा झाल्यासारखं वाटत असेल. शेवटी मी एक जुनी गोधडी घडी करून स्वयंपाकघराच्या चौकटीला सुतळीनं बांधली.

एकदा वानरानं तिचा चष्मा नेला. कौलांवर बसून त्यानं तो डोळ्यांना लावला आणि आम्हा सगळ्यांकडे हेडमास्तरासारखं पाहिलं. बाई खालून त्यालाच सांगत होती, "मी नाई भेली, मी नाई भेली." दोन भाकरी देऊन मी चष्मा सोडवला. खाली टाकण्याआधी वानरानं काच पुसली होती. यावर कुणी विश्वास ठेवत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आणि कुकर. पहिली शिट्टी झाली आणि बाई टेबलाखाली गेली. तिथं आधीच कुणीतरी बसलेलं होतं.

ती सोनी. सहाएक वर्षांची. आमच्याकडे आली त्याला पावसाळा आणि दिवाळी उलटून गेली होती, पण तोंडातून शब्द म्हणून निघाला नव्हता. सौसरच्या डॉक्टरांनी तपासलं. गळा ठीक, कान ठीक. "भ्यालेली आहे," म्हणाले, "बोलेल तेव्हा बोलेल." तिला शाळेत पाठवता येईना, कुणाच्या मांडीवर बसवता येईना. भांडं पडलं की ती टेबलाखाली. ओरडायची नाही, रडायची नाही. लेकरू ओरडलं तर माणूस धावतो तरी, न ओरडणाऱ्या लेकराचं काय करायचं?

त्या टेबलाखाली दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बाई म्हणाली, "मी नाई भेली." सोनीनं तिचं बोट धरलं. ते मग सुटलंच नाही.

आता आबाजी. आमच्या कुंपणामागं त्यांची संत्र्याची बाग. मिशा बैलाच्या शिंगासारख्या, हातात तेल पाजलेली काठी. ते खोकलले की बोरगावची पारवं पांढुर्ण्याला जाऊन बसायची. आमच्या टाकीचं पाणी त्यांच्याच विहिरीवरून यायचं, फुकट. पण मागे एकदा पोरांनी कच्ची संत्री तोडून त्यांचं क्रिकेट खेळलं, तर त्यांनी स्वतःच्या हातानं पाइप गुंडाळून नेला. लेकरांनी तोंडं धुवायचीही सोडून दिली होती. ताईंनी हातापाया पडून तो परत आणला. पुन्हा काही झालं तर पाइप येणार नाही, हे आबाजी सांगूनच गेले होते.

तर थंडीचे दिवस. टाकी रोज दुपारी रिकामी व्हायला लागली. मी पाइप तपासला, तोट्या तपासल्या, शेवटी भोक शोधायला टाकीतच उतरलो. भोक नव्हतं. ते कुंपणाला होतं.

आबाजींचा सालदार गडी धापा टाकत आला तेव्हा कळलं. बागेच्या कडेची अख्खी ओळ हिरवी झाली होती. कोवळी पानं फुटली होती. शहरातल्या माणसाला वाटेल, चांगलं झालं! आमच्याकडे या बातमीनं माणूस खाली बसतो. बहारासाठी थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाडं सुकतात, पानं गाळतात, पाहवत नाही. मग पाणी सोडलं की जीव खाऊन फुलतात. मधेच कुणी पाणी पाजलं तर नुसती पानं. फूल नाही, फळ नाही.

"आबाजी पुतनीच्या लग्नाहून येऊन राहिले," सालदार म्हणाला. "दुपारच्या बसनं. मी काई पाह्यलं नाई, भाऊ. मी इथं आलोच नाई." आणि तो खरंच नाहीसा झाला.

मी आत आलो. बाई आणि सोनी बादली धूत होत्या. मी मोबाईलमध्ये बोललो, मोबाईल तिच्या भाषेत बोलला, आणि बाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. मग तिनं जे सांगितलं ते मोबाईलनं अगदी शुद्ध हिंदीत मला ऐकवलं. एक दिवस सोनी कुंपणाशी उभी होती. सुकलेल्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्याइले तहान लागली."

"कोन म्हनाली?" मी विचारलं.

बाईनं सोनीकडे बोट दाखवलं. तिला वाटलं होतं, लेकरू तेव्हापासून तिच्याशी रोजच बोलतं तर सगळ्यांशी बोलत असेल. पहिला शब्द. आणि त्या शब्दाखातर दोघींनी आबाजींचंच पाणी आबाजींच्याच झाडांना बादल्या वाहून पाजलं होतं.

खरं सांगतो, पाइपाचं भय मागं पडलं. डोक्यात एकच होतं, आता हा माणूस येऊन गरजणार आणि सोनी पुन्हा मुकी होणार. या वेळी कायमची.

मी दोघींना म्हटलं, आत जा, कडी लावा. बाईनं नाही म्हणून मान हलवली. पिंपळाखाली बस थांबल्याचा आवाज आला. काठीचा आवाज आला. काठी आधी बागेत गेली. मग बराच वेळ काही नाही. त्या काही-नाहीमध्ये मी देवाची आणि बुद्धाची दोघांचीही नावं घेतली, कोण मोकळं असेल सांगता येत नाही.

"कोनं पानी देलं?"

आबाजी अंगणात उभे होते. हातात कोवळ्या पानांची डहाळी.

"आबाजी," मी म्हणालो, "वानरं लई झाली हो यंदा."

"वानरायनं बादल्या वाह्यल्या काय बे?"

"एक वानर चष्माही लावते, आबाजी. त्याईचा काई भरोसा..."

"चूप!"

मी चूप. म्हणजे मी दाराआडच गेलो, तिथून चूप राहणं सोपं जातं.

बाई पुढं झाली. चौकटीतून वाकून निघायचं भान राहिलं नाही, कपाळ गोधडीवर आपटलं. तिचा झगा वारा नसताना हलत होता. सोनी त्या झग्यात तोंड खुपसून. आम्ही वाट पाहिली, आता म्हणेल, मी नाई भेली.

"मी भेली," बाई म्हणाली. "लई भेली. पानी मी देलं."

आबाजींनी काठी आपटली. "काहून देलं?"

बाईनं खाली सोनीकडे पाहिलं. आबाजींनीही पाहिलं. त्याआधीच्या पावसाळ्यात त्यांनी या पोरीला कितीदा पेरू दिले होते, "नाव सांग, मंग देतो" म्हणत, आणि नाव न ऐकताच देऊन गेले होते.

झग्यातून आवाज आला. अगदी बारीक.

"त्याइले तहान लागली होती."

आबाजींची मिशी हलली, थांबली. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसले.

"हाव," ते म्हणाले. "लागली होती. मीच लावली होती तहान. झाडाले तहान लागल्याबिगर ते फुलत नाई, बावा." मग एकदम आवाज चढला, पण माझ्याकडे. "या ओळीचं नुकसान कोन भरन? उद्यापासून या दोघी बाग राखतीन. वानर आलं नाई पायजे, आन बादली घेऊन कोनी दयाळू मानूसही आला नाई पायजे. ऐकलं का बे दारामांगच्या?"

पाइप गेला नाही.

बाग राखायची म्हणजे खाटेवर बसून पत्र्याचा डबा बडवायचा आणि ओरडायचं. साप दिसला की बाई खाटेवर उभी, आणि ती खाटेवर उभी राहिली की पांढुर्ण्याहूनही दिसायची. सोनीला डबा मिळाला. पहिल्या दिवशी नुसता वाजवला. मग एका सकाळी वानरांची टोळी उतरली, बाई सवयीनं मागं सरली, आणि बागेतून "हाऽऽड!" अशी आरोळी आली. माझ्या हातातून पीठ सांडलं. आबाजी विहिरीवर होते. त्यांनी पाठ फिरवली आणि उगाच मोट नसलेल्या विहिरीत बराच वेळ पाहत राहिले.

बागेला पाणी सोडलं. बाग अशी फुलली की वासानं ट्रकवाले रस्त्यात ब्रेक मारायचे. एक ओळ मात्र हिरवीगार, पानांनी भरलेली, बिनफुलाची. आबाजी आजही येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवतात, "हे लंब्या बाईची ओळ," आणि वर दोन शिव्या देतात. शिव्या कुणाला, ते स्पष्ट नसतं.

बहार फुलातच होता, तेव्हा बाईची परत जायची वेळ झाली. या वेळी पांढुर्ण्यालाच गाडीत बसवली. दारातून वाकून तिनं सोनीच्या डोक्यावर हात ठेवला. काय म्हणाली ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. सोनीला विचारलं तर सांगत नाही.

सोनी आता शाळेत जाते, आणि तिथल्या बाई सांगतात, हिला जरा गप्प बसायला शिकवा.

मागच्या दिवाळीला स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता. चौकटीवरची गोधडी तशीच होती, काळी पडलेली. आमच्यात कुणाचं डोकं तिथवर पोचत नाही. मी स्टुलावर चढून सुतळी सोडायला लागलो.

"भाऊ, राहू द्या ना," खालून सोनी म्हणाली. "ते आली तर लागन तिले."

"अवं, एवढ्या दुरून कायले येते ते आता?"

उत्तर आलं नाही. मी खाली पाहिलं. ती नुसती उभी होती. ओठ मिटलेले, डोळे टेबलाखाली.

मी भेलो. तुम्हाला म्हणून सांगतो, वाघाला भ्यालो नसतो इतका भेलो. गोधडी झटकली, पुन्हा घडी केली आणि पहिल्यापेक्षा घट्ट बांधली.

"आता?"

"दुसरी गाठ मारा," सोनी म्हणाली.