फीत कापण्याआधीची लस

देशाचं भवितव्य लहान मुलांच्या हाती असतं. त्या दिवशी साखरा गावात ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पाण्याच्या पिंपाला धरून बसलं होतं. ऊसतोडीला निघालेल्या टोळीची नऊ लेकरं. शेजारच्या वस्तीवर आठवड्यापूर्वीच गोवर निघाला होता. आमची लसीकरण मोहीम समोरच्या शाळेत दहाला सुरू व्हायची होती. अकरा वाजले, फीत बांधलेली होती, कापणारे मान्यवर यायचे होते.

मी आरोग्य केंद्राचा डॉक्टर. वरिष्ठांना फोन लावला.

"साहेब निघालेत. उद्घाटनाआधी व्हायल फोडू नका. फोटोचं काय?"

आमच्या सिस्टर म्हणाल्या, "सर, निघालेत म्हणजे अजून अंघोळ करून राहिले."

गोवरची लस व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, भुकटीच्या रूपात असते. सोबतचं पाणी मिसळलं की चार तासांत वापरायची, उरली तर टाकायची. मान्यवर किती तासांनी येतात, हे व्हायलवर छापलेलं नसतं. मी म्हणालो, "मिसळा." बर्फाचा डबा घेऊन आम्ही ट्रॉलीपाशी गेलो.

टोळीचा मुकादम आडवा आला. "डॉक्टरसायब, उशीर होऊन राहिला."

"सुई दिल्यावर अर्धा तास थांबावंही लागेल. रिअ‍ॅक्शन येते का, बघायला."

"अर्धा तास? काहून माझ्या पोटावर उठले?"

"फडावर गोवर शिरला की आया लेकरं घेऊन खोपीत बसतील. मग ऊस तू एकटा तोड."

तो ड्रायव्हरकडे वळला. "इंजन बंद कर रे. चहा सांग."

सुनीता नावाच्या बाईने पोरीला पदराखाली घेतलं. "रस्त्यात ताप आला त काय करू?"

"आला तर हे औषध दे," सिस्टर म्हणाल्या. "हा ताप उतरतो. गोवराचा लेकरू घेऊन जातो."

"तुमी तुमच्या लेकराला देली का?"

"देली की. म्हणून त मोठी होऊन माझ्याशी भांडून राहिली."

सुनीता हसली. पदर सैल झाला. सुई टोचताच नऊही जणांनी रडून गाव डोक्यावर घेतलं. अर्ध्या तासाने ट्रॉली गेली. मान्यवर साडेतीनला आले.

दोन महिन्यांनी सुनीताचा फोन आला. "सायब, फडावर गोवर आला. बाकीच्या खोपींतली लेकरं पडली. आमच्या ट्रॉलीतलं एकबी न्हाई."

फोन ठेवून मी सिस्टरना हाक मारली. त्यांना सांगितलं.

उद्घाटनाआधी लस कशी दिली, याचा खुलासा कुणी मागितला नाही. लसीकरणाच्या कार्डावर तारखेचा रकाना असतो, वेळेचा नसतो.